नळीत उरलेला थेंब

मी एक थेंब आहे. भूल देताना स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा. एक गैरसमज आधीच दूर करतो: मी झोप आणत नाही. झोपेचे औषध वेगळे. मी फक्त हालचाल थांबवतो, आणि श्वास हीदेखील हालचालच असते.

कारखान्यात जन्मलो, कुपीत भरला गेलो, फ्रीजमध्ये वाट पाहिली. मग भूलतज्ज्ञ बाईंनी मला सिरिंजमध्ये ओढले. एका आईचे खड्यांनी भरलेले पित्ताशय काढायचे होते. ती गाढ झोपल्यावर माझे भाईबंद तिच्या शिरेत गेले. श्वास यंत्राने सांभाळला. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली.

मी मात्र हाताच्या सुईला जोडलेल्या बारीक नळीत राहून गेलो. रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी ती धुवायची असते. पण सलाइन दुसऱ्या हाताला चालू होते, त्यामुळे ही नळी कुणाच्या ध्यानातच आली नाही.

ती शुद्धीवर आल्यावर बाहेरच्या खोलीत मायलेकींच्या गप्पा सुरू झाल्या.

"माझे खडे दिले का गं तुझ्याकडे? इतकी वर्षं सांभाळलेत मी."

"हो, अंगठीत बसवून घेते एकेक!"

"कर चेष्टा. सिस्टर, जरा दुखतंय हो."

परिचारिकेने वेदनाशामक इंजेक्शन त्याच नळीतून दिले. त्याने मला पुढे ढकलले.

आधी तिच्या पापण्या उतरल्या. मग जबडा सैलावला. "बाबांना सांग, मी…" वाक्य तिथेच राहिले.

"लागला वाटतं डोळा," म्हणत लेकीने पांघरूण सारखे केले.

आत ती लख्ख जागी होती. किंचाळत होती, आणि करंगळीही हलत नव्हती. छाती उचलण्याची तिची धडपड मला कळत होती. थांबणे माझ्या हाती नव्हते.

बोटाला चाप लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र वाजू लागले.

"बोटाचा चाप निसटला असेल," परिचारिका पाठमोरीच म्हणाली.

"नाही हो, जागेवरच आहे. पण हिचे ओठ बघा ना! सिस्टर!"

परिचारिका वळली मात्र, तिने मास्क तोंडावर दाबला आणि फुग्याने श्वास देऊ लागली. भूलतज्ज्ञ बाई धावत आल्या. "ताई, तुम्ही जाग्या आहात, मला माहीत आहे. श्वास आम्ही देतोय," असे त्या कानाशी सांगत राहिल्या.

माझा अंमल ओसरला. आईने लेकीचे मनगट घट्ट धरले.

"डोळा लागला म्हणालीस ना? ऐकत होते गं मी."

आता मी तिच्या यकृतात विरतो आहे. जाता जाता एवढेच मागणे: नळी धुवा. यंत्र वाजले, तर आधी छातीकडे पाहा. माझ्यासारखा कुणीतरी आणखी एखाद्या नळीत थांबला असेल. तो अगदी पाण्यासारखा दिसतो.