बसऱ्याला ऐकू जाईना

मी रेडिओ बोलतोय. त्यात काय नवल, म्हणाल तुम्ही, रेडिओ बोलणारच! अहो, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं असं आज पहिल्यांदा बोलतोय, तेही वैतागून. तेव्हा मध्ये तोडू नका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते धड आठवत नाही. मला कळायला लागलं ते बसऱ्याच्या बाजारात. नशमिया खाला, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला अहवाजहून तिथं आली होती. आमच्या अहवाजच्या अरबांची निम्मी सोयरीक सरहद्दीपलीकडे बसऱ्यात. तिची बद्रियाही तिथंच दिली, आतेभावाला. कापडाबरोबर खालानं मलाही उचललं. म्हणाली, "घर आता खायला उठेल. हा मेला तरी बडबडेल."

बडबडलो की! गाणी, हवामान, पहाटेचं कुराणपठण. खाला रोटी थापताना माझ्याशी भांडायची. "थापाड्या, काल म्हणालास पाऊस येणार. कुठाय?" बरे दिवस होते ते.

मग लढाई जुंपली. सरहद्द बंद, आणि लेक शत्रूच्या गावात. माझ्या तोंडात रणवाद्यं कोंबली गेली. बटण इकडे फिरवलं की आमचं स्टेशन, तिकडे फिरवलं की त्यांचं, आणि दोन्हीकडे मी एकच वाक्य बोलायचो, 'शत्रूच्या शहराला धडा शिकवला.' गावाचं नाव तेवढं बदलायचं. अरे, शहराला धडा म्हणजे काय? शहर काय बाकावर बसलेलं पोर आहे? धडा पडतो तो स्वयंपाकघरात, पाळण्यावर, दवाखान्यावर. पण मला विचारतो कोण!

परवा कुवेतहून आलेल्या खलाशानं निरोप आणला. बद्रियाला मुलगी झाली होती, पण बाळंतपण अवघड गेलं, बाळंतीण अजून अंथरुणाला खिळलेली. खाला हसली काय, रडली काय! अंगावरच्या काळ्या अबायाच्या टोकानं उगाचच मला पुसत बसली.

आणि दुसऱ्याच सकाळी आमच्या गल्लीवर क्षेपणास्त्र पडलं. शेजारच्या फदीलाचं घर गेलं. ती नळावर पाण्याला गेली होती म्हणून वाचली. तिचा लहानगा रियाद घरात न्याहारी करत होता.

फदीलाला दार उरलं नव्हतं, म्हणून मातमाची बैठक खालाच्या अंगणात बसली. कडू कॉफी फिरली, खजुराचं ताट फिरलं. खजूर उचलला की मेलेल्यासाठी फातिहा म्हणायचा, ही इथली रीत. मी खिडकीत हळू आवाजात चालू होतो. हल्ल्याचा इशारा माझ्याच तोंडून येतो ना, मला बंद करायची सोय नाही.

तेवढ्यात मी बोललो, "बसऱ्याच्या नागरिकांनो, उद्या दुपारच्या आत शहर सोडा. त्यानंतर आमच्या तोफा उत्तर देतील." पुन्हा तेच. पुन्हा तेच.

बेकरीवाले हाजी मेहराब मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! रियादचा बदला! आणि बघा, आपण आधी सांगतो. ते सांगतात का?" आणि पटकन ताटातला खजूर तोंडात टाकला.

"हाजी," खाला म्हणाली, "खजूर उचललात. आता फातिहा म्हणा."

"म्हणतो की."

"कुणासाठी म्हणताय? रियादसाठी, की उद्या मरतील त्यांच्यासाठी?"

हाजींनी खजुराची बी हातात काढली. "खाला, त्यांना सांगितलंय ना निघून जायला?"

"सांगून मारलं म्हणजे माणूस कमी मरतो काय हो? माझी बद्रिया उठून बसू शकत नाही. ती कुठं जाईल? कुणाच्या पाठीवर बसून जाईल?"

सगळे फदीलाकडे बघायला लागले. मेलेलं पोर तिचं, तेव्हा काय खरं नि काय खोटं ते तिनंच सांगायचं, असंच जणू ठरलं होतं.

"मला वाटतं जळावं ते गाव," फदीला म्हणाली. "खोटं कशाला बोलू? सकाळपासून तेच वाटतंय." मग ती खालाकडे वळली. "पण तुझी बद्रिया लग्नाआधी माझ्या रियादला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडायची गं."

ते ऐकलं आणि खालाचा धीर सुटला. तिनं मला खिडकीतून ओढलं, दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं आणि माझ्या जाळीत ओरडली, "बद्रिया! ऊठ माझे बाई! पोरीला घे आणि नीघ!"

रेडिओतून पलीकडे बोलता येत नाही हे तिला काय कळत नव्हतं? पण माझाच आवाज तेवढा बसऱ्यापर्यंत पोचत होता. दुसरं होतं काय तिच्याकडे?

कुणी हसलं नाही. हाजी मान खाली घालून बसले. फदीला मात्र उठली, खालाजवळ आली. "असं नाही ऐकू जायचं. थांब, आवाज मोठा करते," असं म्हणून तिनं माझं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

लोकहो, माझी एवढीच विनवणी आहे. मला तोंड देणाऱ्यांनो, इथलं तिकडे पोचवणारा एक कानही द्यायचा होता रे! फदीलानं बटण फिरवलं आणि मीच केवढ्यानं गरजलो, "उद्या दुपारच्या आत शहर सोडा!" खाला जीव तोडून ओरडत होती. तिचे ओठ मला दिसत होते. पण माझ्या आवाजापुढं तिचा शब्द शेजारी उभ्या फदीलालासुद्धा ऐकू गेला नाही.