गुत्तेदाराचा माणूस

जळकोटजवळच्या नव्या सरकारी दवाखान्याचं उद्घाटन होतं आणि आनंदराजची माय चांगुणा सकाळपासून पांढरी साडी नेसून तयार बसली होती. ही साडी ती फक्त जयंतीला काढायची. अर्धांगवायूनंतर ती चाकाच्या खुर्चीवरच असे. तरी गाडीत बसता बसता तिने शेजारणींना ऐकवलंच, की दवाखान्याचा नकाशा माझ्या लेकाने काढलाय.

तिने येऊ नये असं आनंदराजला मनापासून वाटत होतं. सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

तो नांदेडच्या शेषेरावांच्या कंपनीत इंजिनिअर. पूर्वी नकाशा सरकारचा आणि बांधकाम ठेका घेणाऱ्या गुत्तेदाराचं असायचं. काही बिघडलं की दोघं एकमेकांवर ढकलून मोकळे. हा दवाखाना डिझाइन-बिल्ड पद्धतीने झाला, म्हणजे आखणीही कंपनीची आणि बांधकामही कंपनीचंच. काम मुदतीआधी उरकलं याचं आता भाषणांत कौतुक होणार होतं. अडवणारं कुणी नसल्यावर उशीर कशाला होईल?

दारापर्यंत चढणारा रॅम्प त्याने आधी नियमाप्रमाणे लांबलचक काढला होता. शेषेरावांना पुढे गाड्या लावायला जागा हवी होती, ते म्हणाले आखडून टाका. आनंदराजने तो निम्मा केला. इतका खडा रॅम्प चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नकाशा तपासल्याची सहीसुद्धा त्यालाच करायची होती, ती त्याने चहा पिता पिता ठोकली.

मायची खुर्ची रॅम्पपाशी आली, तेव्हा हा गडी उगाच फोन कानाला लावून बाजूला सरकला. गावातल्या दोघांनी खुर्ची ढकलली. अर्ध्यावर ती मागे घसरू लागली, माय ओरडली, माणसं धावली. शेवटी चौघांनी तिला खुर्चीसकट पोत्यासारखं उचललं. तिचा पदर पडला, एक चप्पल खाली राहिली.

वर पोचल्यावर तिने चेहरा पुसला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, माझा लेक असं काढणार न्हाई, हे गुत्तेदारानं बिघडवलं. मग तेच नर्सला सांगितलं, मग डॉक्टरला. लोक माना डोलवत होते. गप्प राहिला असता तर आनंदराज सहज सुटला असता. पण शरमेने त्याचे कान तापले होते, आणि माय काही थांबत नव्हती. तो तिच्याजवळ वाकला.

"माय, गुत्तेदाराचा माणूस मीच हाय. हे मीच काढलंय."

"चुकून झालं व्हय?"

"न्हाई. मला माहीत होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर नीट करत राहिली.

तेवढ्यात माइकवरून सत्कारासाठी त्याचं नाव पुकारलं. जाऊ नये असं वाटत असूनही तो गेला, शेषेरावांशेजारी उभा राहिला, शाल घेतली. टाळ्या झाल्या. परत आला तेव्हा बाकावरची एक म्हातारी मायला विचारत होती, इथं तुमचं कोण हाय बाई.

चांगुणाला तो समोरून येताना दिसला होता.

"कोणी न्हाई," ती म्हणाली. "पेशंट हाय मी."

आनंदराज शाल काखेत धरून उभा राहिला. तिला खाली उतरवायला माणसं गोळा करायची होती, आणि ती माणसं त्यालाच बोलवावी लागणार होती.