काचेतले तानपुरे

"अंकलजी, शीशे को हाथ मत लगाइए. अलार्म बज जाएगा."

गार्ड नवा होता, पण बोलला अदबीनं. बाळकृष्णकाकांनी हात मागे घेतला. नजर मात्र तिथेच राहिली. काचेच्या उंच पेटीत दोन तानपुरे उभे होते. वरून पिवळा उजेड, भोपळ्यांखाली काळं मखमल आणि शेजारी स्टीलच्या पाटीवर इंग्रजीत चार ओळी. त्या ओळी माझ्या होत्या.

"तारांवर ताण आहे अजून," काका म्हणाले. "कुणी उतरवल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"वाद्य वाजवायचं नसेल तर तारा सैल करून ठेवायच्या असतात गं, ऋता. नाहीतर दांडी ओढ खाते. सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं. मीच विसरले होते.

सकाळचे आठ वाजले होते. नव्या संगीत केंद्राचं उद्‌घाटन अकराला. काका नेहमीप्रमाणे तीन तास आधी आले होते, हातात त्यांचा तो जुना पत्र्याचा डबा घेऊन. त्यात सुती दोऱ्याचं रीळ, एक छोटी कात्री आणि तारांचे चार-पाच जास्तीचे मणी असतात. तानपुरे लावायला आलो आहोत, असंच ते चंडीगढलगतच्या मुल्लानपूरच्या त्या नव्या इमारतीत शिरेपर्यंत समजत होते. स्टेजवर तानपुऱ्याचा आवाज काढणारी एक काळी इलेक्ट्रॉनिक पेटी ठेवलेली त्यांना दिसली, मग दारातली ही काच दिसली.

बाळकृष्ण आठल्ये मूळचे सांगलीचे. सरकारी खात्यात नकाशे काढायचे. तीन वर्षांच्या बदलीवर चंडीगढला आले आणि राहूनच गेले. माझे बाबा सेक्टर ३९ च्या संस्थेत जंतूंवर संशोधन करतात. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो, काका पलीकडच्या सेक्टरमध्ये. चौथीत असताना आईनं मला त्यांच्याकडे गाणं शिकायला घातलं. महिन्याभरात काका आईला म्हणाले, "शैलजाताई, गळा बेताचा आहे. कान मात्र चांगला आहे." तेव्हापासून मी तानपुरा धरते.

काकांना शहरात फारसं कुणी ओळखत नाही. ते मैफलीत गात नाहीत, पेटी वाजवत नाहीत, कार्यक्रमाच्या पत्रिकेवर त्यांचं नाव कधी छापलेलं नाही. सदतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. बीजींच्या घरचे दोन तानपुरे सुरात लावले.

बीजी म्हणजे सेक्टर ५ मधल्या मोठ्या कोठीच्या मालकीण. पिंजौरकडे त्यांचा मशीनच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. पैसा इतका की मोजायचा विचारही कुणी करत नसेल. दर फेब्रुवारीत त्या कोठीच्या खालच्या हॉलमध्ये गाणं ठेवायच्या. तिकीट नाही, बॅनर नाही, दीपप्रज्वलन नाही. जमिनीवर गाद्या अंथरलेल्या, त्यावर जज, डॉक्टर, युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर आणि त्यांच्याशेजारी बीजींचा माळी. नंतर सगळ्यांना गरम गाजरहलवा. गावोगावचे तरुण गवई वर्षवर्ष त्यांच्या खर्चानं शिकायचे, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आणि स्वतःला गाण्यातलं काय कळतं असं विचारलं तर त्या म्हणायच्या, "मैनूं राग-वाग नईं पता. बालकिशन जी नूं पता है."

गाणं सुरू होण्याआधी बीजी दाराजवळच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून मोठ्यानं विचारायच्या, "बालकिशन जी, सुर मिल गए?"

काका म्हणाले, "मिल गए जी," की बीजी गवयाला मानेनं खूण करायच्या. काका म्हणाले, "अभी वक्त लगेगा," की दोन्ही हात मांडीवर घेऊन गप्प बसायच्या. मग अख्खा हॉल गप्प बसायचा. एका वर्षी कडाक्याची थंडी होती. कुणीतरी हॉलमध्ये हीटर लावले आणि तारा काही केल्या ठरेनात. एका मोठ्या गवयाला चाळीस मिनिटं थांबावं लागलं. ते चिडून बाहेर आले तेव्हा बीजी म्हणाल्या, "पंडित जी, इक कप चा होर पियो. अभी तो मालिक वो हैं."

मी एकदा काकांना विचारलं होतं, "चाळीस मिनिटं? काका, यार, 'मिल गए' म्हणून टाकायचं ना. बीजींना थोडंच कळलं असतं."

काका तेव्हा तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत होते. तो बरोबर जागी बसला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून झणकार सुटतो. दोरा केसभर सरकवून, ऐकून, मग ते म्हणाले, "त्यांना कळत नाही ना, म्हणूनच. कळत असतं तर एखादे वेळी चालवून घेतलं असतं."

दोन वर्षांपासून बीजी विसरायला लागल्या. गाण्यासाठीच्या ट्रस्टचं सगळं त्यांचे चिरंजीव विक्रम अंकल बघू लागले. ते वाईट नाहीत, हे मला आधीच सांगायला हवं. आईचं नाव राहावं म्हणून त्यांनी शेतं संपतात तिथे हे संगीत केंद्र बांधलं. त्यात तानपुऱ्यांबद्दल चार ओळी लावायच्या होत्या. त्यांनी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "ऋता लिहील. तिचं इंग्रजी छान आहे."

मी अकरावीत आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. गेल्या ऑगस्टमध्ये वक्तृत्वात शहरात पहिली आले आणि एकदम वाटायला लागलं की आपण तोंड उघडलं की लोक ऐकतात. शिवाय मला राग होता. मागच्या कार्यक्रमात ट्रस्टच्या नव्या मॅनेजरनं काकांना "वो तबलेवाले अंकल" म्हटलं होतं. म्हटलं, असं लिहू की यांचे डोळे उघडले पाहिजेत. मी लिहिलं की हे तानपुरे दुर्मीळ आहेत, अतिशय नाजूक आहेत, यांच्यासारखे पुन्हा होणे नाहीत. काकांना न दाखवता पाठवून दिलं. विक्रम अंकलचं उत्तर आलं, 'सुपर्ब, बेटा.' उद्‌घाटनाचं सूत्रसंचालनही मलाच दिलं. मी दिवसभर हवेत होते.

डिसेंबरात काका पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेले. तेवढ्यात ट्रस्टच्या लोकांनी तानपुरे उचलून इथे आणले; परतल्यावर काकांना वाटलं, नव्या हॉलमध्ये वाजवायला नेलेत. इतकी नाजूक वस्तू हाताळायची कशी? म्हणून काच.

काकांनी चष्मा पुसून पाटी वाचली. "अतिशय नाजूक असं कोण म्हणालं?"

"मी."

"नाजूक कसले. मिरजेहून ट्रकमधून आलेत ते." "हात लागत राहिला म्हणून टिकलेत."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात विक्रम अंकल आले. त्यांनी वाकून काकांच्या पायांना हात लावला. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि बोलून टाकलं. "अंकल, वो मैंने ग़लत लिखा था. ये नाज़ुक नहीं हैं. इन्हें बजाना ज़रूरी है. प्लीज़, आज यही स्टेज पे रखते हैं."

ते हसले. "बेटा, आपने इतना अच्छा लिखा कि ट्रस्टीज़ ने पास कर दिया. अब इंश्योरन्स है, सब है. और गानेवाली मैडम तो अपनी मशीन साथ लाई हैं."

वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी पाटीवरच्या स्वतःच्याच ओळी पुन्हा वाचू लागली.

"विक्रम जी," काका म्हणाले, "पाँच मिनट खुलवा दीजिए."

"बजाने के लिए?"

"नहीं. उतारने के लिए."

विक्रम अंकलनी गार्डला खूण केली. किल्ली फिरली. काकांनी चपला काढल्या, पेटीच्या कठड्यावर गुडघा टेकला आणि एकेक खुंटी उलटी फिरवू लागले. तारा सुटताना खालचा खालचा आवाज करत गेल्या, मग आवाजच उरला नाही. आठ तारा. मग प्रत्येक तारेखालचा दोरा त्यांनी चिमटीत धरून हलकेच ओढून काढला. आठ दोरे. डब्याचं झाकण मी धरलं होतं.

"हे का काढलेत?" मी विचारलं.

"यांचं काम नाही आता इथे."

काच पुन्हा बंद झाली.

अकराला बीजींना व्हीलचेअरवर आणलं. मोतिया रंगाची शाल, पांढरे केस नीट विंचरलेले. हॉल तीनशे माणसांनी भरला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, कॅमेरे, फुलं. बीजी कुणाकडेच बघत नव्हत्या. विक्रम अंकलना त्या त्यांच्या वडिलांच्या नावानं हाक मारत होत्या. स्टेजवरची मशीन सुरू झाली होती आणि स्पीकरमधून तानपुरा येत होता, एका पट्टीत, जराही न हलता. गायिका बसल्या होत्या. मी माइकजवळ कार्ड घेऊन उभी होते.

काका बाजूच्या भिंतीशी होते. बीजींना तो डबा दिसला. चेहरा आठवला की नाही, देव जाणे, पण डबा ओळखला.

"बालकिशन जी," त्या म्हणाल्या. आवाज तोच होता, मोठा, खणखणीत. "सुर मिल गए?"

लोक कौतुकानं हसले. कुणीतरी फोन वर धरला. विक्रम अंकल पटकन काकांजवळ गेले आणि हळू म्हणाले, "भाईसाब, प्लीज़. बस हाँ कह दीजिए."

एवढंच तर होतं. दोन शब्द. स्पीकरमधला सूर तसा अचूकच होता, माझा कान सांगत होता.

काका बीजींसमोर येऊन उभे राहिले. डबा दोन्ही हातांनी धरलेला.

"नहीं जी," ते म्हणाले. "अभी वक्त लगेगा."

"कोई गल्ल नईं, लगने दो," बीजी म्हणाल्या, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या.

विक्रम अंकलनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी कार्ड वाचलं. एकही शब्द चुकला नाही. गायिकांनी सूर लावला, लोक माना डोलवू लागले. चांगलं गात होत्या. काका व्हीलचेअरशेजारी जमिनीवर बसले, गुडघ्यावर डबा ठेवून.

तासाभरानं गाणं संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बीजींचे हात मांडीवर तसेच होते. त्या स्टेजकडे नाही, काकांकडे बघत होत्या, आणि अजून थांबल्या होत्या.