बांधलेलं चाक

चाकाची अक्कल मला कुणी शिकवू नये, असं मी समजायचो. वीस वर्सं बैलगाडी हाकली, मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत. उतार आला की चाकाच्या आऱ्यांत दांडा खुपसायचा, चाक बांधायचं. बांधलेलं चाक मातीत रुततं, घसटत येतं, आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नाय.

माझा धाकटा भाऊ वाल्मिक बासष्ट साली लाकडाच्या लॉरीवर लागला. घरातला पहिलाच डायवर. मला अभिमान वाटला आणि पोटात दुखलंपण, खोटं कशाला बोलू. त्याला शिकवणारा उस्ताद कल्याणचा. वाल्मिक एकदा विचारायला आला. उस्ताद सांगतो, ओल्या डांबरावर ब्रेक दाबून धरायचा नाय, दाबायचा, सोडायचा. चाक फिरत राहिलं तरच रबर रस्ता धरतं. चाक थांबलं की लॉरी नुसती घसरते, स्टेअरिंगपण ऐकत नाय.

मी हसलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तुझ्या उस्तादाला आमचा उतार काय ठावा? चाक फिरलं की गेलास. पाय काढायचा नाय."

त्यानं मान हलवली. माझ्यापुढं तो कधी उलटून बोललाच नाय.

श्रावणातल्या भुरभुरीत साग भरून येताना वैशाखऱ्याच्या उतारावर त्याची लॉरी दरीत गेली. मी धावत गेलो. डांबरावर बैलगाड्यांचा चिखल होता, तो खरवडून दोन काळ्या रेघा गेलेल्या. रस्ता वळला होता, रेघा सरळ काठापर्यंत. उस्तादानं त्यांवर बोट फिरवलं. ब्रेक चांगला होता, म्हणाला, चाक फिरलंच नाय, पोरानं पाय शेवटपर्यंत दाबून धरला. मी त्याला शिकवलं होतं रे, म्हणत तो तिथंच चिखलात बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेराव्याला वाल्मिकची बायको पारू मला वाढत होती. गाव म्हणत होतं, पोरगा बेफिकीर, कुणाचं ऐकायचा नाय.

"भावजी, तुमचं ऐकलं असतं तर वाचले असते ना?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो.

"ऐकलं गो त्यानं. माझंच ऐकलं."

तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं. थोड्या वेळानं परत उचललं आणि माझ्या ताटात भात वाढला.

सहा वर्सं झाली. पारू रोज मला वाढते. बोलत नाय.