बोटभर अंतर

"अगं, डोळ्यात घालतीस का काय?" दगडाबाईनं मान मागं घेतली.

"न्हाई लागत, मावशी. हलू नका फकस्त." ज्योत्स्नानं टेपचं टोक परत तिच्या डोळ्यापाशी नेलं. दुसरं टोक कॅमेऱ्याच्या अंगावरच्या खुणेला अडकवलेलं होतं. भोवती चाळीस माणसं गप्प उभी होती.

"ज्योत्स्ना, किती?" कॅमेऱ्यामागून ईश्वरी मॅडमनी विचारलं.

"चार फूट दोन इंच."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली आणि टेप गळ्यात अडकवला. सकाळपासून एकाच प्रसंगाचा हा चौथा टेक होता.

बावीस वर्षं ज्योत्स्नानं सिरसाळ्याच्या बाजारात ब्लाउज शिवले होते. नुसत्या नजरेनं ती बाईची छाती, कंबर, दंड सांगायची आणि वर टेप लावून ते खरंही करून दाखवायची. बारा दिवसांपूर्वी जवळच्या वस्तीवर सिनेमाचं युनिट उतरलं. उसवलेलं शिवायला, ढगळ झालेलं आत घ्यायला तिला बोलावणं गेलं. तिसऱ्या दिवशी कॅमेरा विभागातला एक मदतनीस इथलं पाणी मानवत नाही म्हणून पुण्याला पळाला आणि ईश्वरी मॅडमची नजर ज्योत्स्नाच्या हातातल्या टेपवर पडली. मॅडम मूळच्या परळीच्या, कॅमेरा शिकायला बाहेर गेलेल्या, बोलणं तुटक.

"हिला टेप येतो. मला टेप येणारंच माणूस पाहिजे," त्या म्हणाल्या. चाळिशीला टेकलेली बाई कॅमेऱ्याच्या खात्यात गेली ती अशी. गावात हसायला लोकांना कारण लागत नाही, इथं तर आयतं मिळालं.

शिकवायला प्रवीण होता. फोकस सांभाळणं हे त्याचं काम. वयानं तिच्या धाकट्या भावाएवढा, पण शिकवताना मास्तर. लेन्सवर तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. लेन्स दुसऱ्याच्या हातात देताना समोरचा "धरली" म्हणेपर्यंत सोडायची नाही. ज्योत्स्नाला वाटायचं, कॅमेऱ्याला सगळं आपोआप दिसतं. प्रवीणनं सांगितलं, त्याला काही कळत नाही. माणूस किती लांब बसलंय ते आपण टेपनं मोजायचं आणि लेन्सवरची कडी तेवढ्या आकड्यावर आणायची. मग कुठं माणसाचा डोळा लख्ख दिसतो. या मोठ्या लेन्सला तर इंचभराची चूकही चालत नाही.

आणि एक गोष्ट त्यानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. "ताई, फोकस गेला तर आपण सांगायचं. त्याच मिनिटाला. कुणी इचारायच्या आधी. बाकीचे ॲक्टिंग बघत असत्यात. आपण गप बसलो तर तीन महिन्यांनी मोठ्या पडद्यावर कळतं, आन् तवर समदे आपापल्या घरी गेलेले असत्यात."

तिच्या नवऱ्याला, समाधानला, यातलं काही पटत नव्हतं. "लगनसराई तोंडावर हाय. गिऱ्हाईक सोडून तितं टेप धरायला कावून जातीस?" त्यानं विचारलं होतं. खरं उत्तर असं होतं की बावीस वर्षांत बायांनी तिला "झालं का?" एवढंच विचारलं होतं. इथं कुणीतरी "ज्योत्स्ना, किती?" म्हणायचं आणि ती आकडा सांगेपर्यंत हिरॉइनसुद्धा थांबायची. हे तिला फार आवडलं होतं. इतकं, की आवडल्याची लाज वाटत होती.

आज सकाळी प्रवीणला जुलाब लागले आणि त्याला दवाखान्यात सलाईन लावलं. मॅडम तिच्याकडं वळल्या.

"आजचा फोकस तुझा. म्हातारी जागची हलणार नाही, एकच आकडा धरायचाय. जमलं तर पुढच्या, मांजरसुंब्याच्या शूटिंगलाही तू माझ्या डिपार्टमेंटमध्ये."

तेव्हापासून तिचे हात बर्फ झाले होते.

प्रसंग तसा साधा होता. म्हातारी आजी नातीची वेणी घालते, शेवटची गाठ मारते आणि म्हणते, "जा बाई, नीट जा." नातीच्या समोरून, तिच्या खांद्यावरून कॅमेरा आजीच्या चेहऱ्यावर. आजी म्हणून दिग्दर्शक लखनसरांनी वस्तीवरचीच दगडाबाई निवडली होती, खरी वाटावी म्हणून. खरी दगडाबाई पहिल्या टेकला कॅमेऱ्याकडं बघून हसली, दुसऱ्याला वाक्य विसरली आणि तिसऱ्याला बाजारात भाव सांगावा तशी "जा बाई नीट जा" म्हणून मोकळी झाली. सरांनी कपाळ चोळलं. पाट जरा पुढं सरकवला, ज्योत्स्नानं नव्यानं माप घेतलं आणि चौथा टेक सुरू झाला.

तिनं कडी चार फूट दोन इंचावर आणली आणि तिथंच दाबून धरली.

दगडाबाईनं तीन पेड घेतले. एकावर एक टाकत आली. गाठ मारताना तिची बोटं थांबली. समोरच्या पोरीच्या केसांवरून तिनं हात फिरवला आणि कुणी लिहून दिलेलं नव्हतं असं बोलली.

"जा बाई. नीट जा. शिवकन्या, वेणी सुटू दिऊ नगं गं."

शिवकन्या तिची लेक. वीस वर्षांपूर्वी तापानं गेलेली. वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, युनिटमध्ये फक्त ज्योत्स्नाला. दगडाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं आणि तिनं ते पुसलं नाही. "कट" म्हणायला लखनसरांना बराच वेळ लागला. ईश्वरी मॅडम कॅमेऱ्यापासून बाजूला होऊन ओढणीनं डोळे टिपत होत्या.

"ओके! ह्याच्या पुढं काही नको," सर म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली. ज्योत्स्नाच्या अंगातून सकाळपासूनचा ताण उतरला. तिनं पाण्याचा तांब्या दगडाबाईला नेऊन दिला.

दगडाबाईनं घोटभर पाणी घेतलं आणि तिचा हात धरून डोळ्यावर ठेवला. "लई गार हाय गं तुझं बोट. मगाशी मापाला लावलं व्हतंस तवा बी लई बरं वाटलं डोळ्याला. ऱ्हाऊ दे जरा."

बोट.

ज्योत्स्नानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. माप घेताना शिंप्याचं एक बोट टेप आणि अंग यांच्यामध्ये असतंच. त्याशिवाय कपडा काचतो. बावीस वर्षं ते बोट न विचारता आपोआप आत जात होतं. मगाशी म्हातारीच्या डोळ्याला टोक लागू नये म्हणूनही गेलं असेल. म्हणजे टेप डोळ्यापर्यंत पोचलाच नव्हता. बोटभर अलीकडं थांबला होता. आता तिला आठवलं, इतके दिवस प्रवीण तिनं सांगितलेल्या आकड्यावर कडी आणून, पडद्यात बघून, ती हळूच केसभर पुढं सरकवायचा. तिला वाटायचं, लेन्सच तशी असेल.

तिनं तो हात हळूच काढून घेतला.

लोक पुढच्या तयारीला लागले होते. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर, भर उन्हात, कुणाला काही दिसलं नव्हतं. मांजरसुंबा पक्कं होतं. आणि बोललं तर? या म्हातारीला परत बसवणार, परत रडायला लावणार, तेही मेलेल्या लेकीच्या नावानं. गप्प बसण्यात आपलाच स्वार्थ किती आणि म्हातारीची दया किती, हे तिला तिथल्या तिथं कळेना. पाय मात्र कॅमेऱ्याकडं चालू लागले होते.

"मॅडम, फोकस गेलाय."

"काय?"

"चौथ्याला. माझं बोट मदी व्हतं."

चित्र मोठं करून पाहिलं. दगडाबाईच्या नाकातली चमकी लख्ख होती, तिच्यावरची रेघसुद्धा मोजता आली असती. डोळे मात्र धुक्यात होते. त्यांतलं पाणी पाणी वाटत नव्हतं.

लखनसरांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. मग स्वतः दगडाबाईपाशी जाऊन उकिडवे बसले. "मावशी, पुन्हा एकदा. अगदी तसंच."

दगडाबाई बसली. पाचव्यांदा, सहाव्यांदा, सातव्यांदा. लेकीचं नावही घेतलं. सरांनी सांगितलं म्हणून घेतलं, तसंच ते ऐकू आलं. सातव्यानंतर तिनं फणी खाली ठेवली.

"रडू काय नळाला येतं व्हय, तोटी सोडली की? आलं तवा आलं, बाबा."

शेवटी सरांनी ठरवलं, चेहरा सोडायचा, नुसते वेणी घालणारे हात घ्यायचे. त्यावर चौथ्या टेकचा आवाज बसतो का, ते पुढं बघू. ज्योत्स्ना टेप घेऊन पुढं झाली. ईश्वरी मॅडमनी तिच्या हातातून तो हलकेच काढून घेतला, स्वतः माप घेतलं आणि कडीही स्वतःच धरली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवस मावळायला सामान पेट्यांत गेलं. प्रत्येक टेकचा शेरा लिहायचा कागद मात्र मॅडमनी तिच्यापुढंच सरकवला. चौथ्या टेकपुढं तिनं आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'फोकस नाकावर. चूक ज्योत्स्नाची.' थोडं थांबून पुढं लिहिलं, 'आवाज ठेवावा.'

मॅडमनी ते वाचलं. "सांगितलंस, बरं केलंस. उद्या प्रवीण येतोय. मांजरसुंब्याचं कळवते."

मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन उठताना असंच "कळवतो" म्हणतात. ज्योत्स्नानं मान डोलावली आणि कपड्यांच्या पेटीकडं गेली.

तिथं दगडाबाई बसलेली होती, मांडीवर निळ्या कापडाचा तुकडा घेऊन.

"माजं त्वांड न्हाई म्हनं दिसायचं."

"माझ्यामुळं, मावशी."

"त्वांडाचं काय घिऊन बसलीस. शिवकन्याचा फोटू न्हाई गं माज्यापाशी. एक बी न्हाई. मनलं, सिनेमात तिचं नाव तरी ऱ्हाईल. ऱ्हाईल का?"

"कागदावर लिवलंय मी, आवाज ठेवा म्हणून. ऐकत्याल का न्हाई, म्हाईत न्हाई."

दगडाबाईनं कापडाची घडी सरळ केली. मग उठली आणि हात बाजूला करून उभी राहिली. "घे माप. ह्ये तरी शिवून दे."

ज्योत्स्नानं गळ्यातला टेप काढला, म्हातारीच्या छातीभोवती घेतला. सवयीनं बोट आत गेलं आणि चटका बसल्यासारखं तिनं ते बाहेर ओढलं. टेप अंगाला काचला.

"आता कावून काढलंस?" दगडाबाई म्हणाली. "ठिव की. दम घ्यायला जागा नगं का?"

ज्योत्स्नानं बोट परत आत सरकवलं. ते अजून गारच होतं. दगडाबाईचा श्वास त्याच्यावर वरखाली होत राहिला, आणि आकडा समोर दिसत असूनही तो वाचायला तिला वेळ लागला.