तीन घड्याळांचं एक

आमच्या इमारतीत तळाला, जिन्याच्या बाजूच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला सगळे टिकटिककाका म्हणायचे. तोंडावर नुसतं काका, पाठ फिरली की टिकटिक. करांच्या कचेरीत त्याचा जन्म गेला. बायको कंटाळून भावाकडे निघून गेली आणि हा उरला घड्याळांच्या संगतीत. फौजेची जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद होता त्याला. मी नाद म्हणते, तो अभ्यास म्हणायचा. खोलीत पसरट खणांचं एक लोखंडी कपाट, खणात मखमल आणि मखमलीवर ओळीनं घड्याळं. हे वैमानिकाचं, हे पाणबुड्याचं, हे खंदकातल्या शिपायाचं. सांगताना त्याचा आवाज असा मऊ व्हायचा की जणू स्वतःच्या नातवंडांबद्दल बोलतोय. ज्यांच्या हातावर ती होती ती माणसं मात्र त्याच्या बोलण्यात कधी यायची नाहीत. कुणाच्या तरी मेलेल्या मनगटावरून उतरलेलं घड्याळ हातात घ्यायचं आणि विचारायचं, काच ओरिजिनल आहे का. ओरिजिनल हा एक शब्द त्याला आयुष्यभर पुरला.

माझा दादा फौजेत होता. तो गेला त्याला तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. पेटी आली ती बंद आली. उघडू नका, असं सोबतचा अधिकारी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून आम्ही पुढं काही विचारलं नाही. पेटीबरोबर एक कापडी पिशवी होती. तिच्यात पट्टा, कंगवा, अर्धी संपलेली दाढीच्या साबणाची वडी आणि एक मनगटी घड्याळ.

आईनं साबणाची वडीसुद्धा फेकली नाही. पण तिचा जीव होता घड्याळात. रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली द्यायची, कानाला लावायची, मग कामाला लागायची. पहिली दोन वर्षं ती भिंतीशी बोलत होती. नंतर पाळणाघरात नोकरी धरली. पोरांची नाकं पुसता पुसता हळूहळू माणसांत आली. एकदा तर एका पोरानं तिच्या चपलेत वरण ओतलं ते सांगताना इतकी हसली की मी शिलाईवरून उठून तिच्याकडे बघत राहिले. दादाची खाट आम्ही खिडकीशी सरकवून तिच्यावर माझं शिवणाचं मशीन ठेवलं होतं. हे तिनंच सुचवलं होतं. मला वाटलं, सुटलो आपण.

मग घड्याळ बंद पडलं.

दुकानात द्यायला ती तयार होईना. "दुकानदार त्यातलं चांगलं काढून घेईल आणि नवं काहीतरी घुसवेल," म्हणाली. "टिकटिकभाऊंना दाखवू. ते जुन्याला हात लावत नाहीत." सुटीचा दिवस होता, मीही गेले.

काकानं हात धुतले, पुसले, डोळ्याला भिंग लावलं. मागचं झाकण फिरवून काढलं.  मग भिंग न काढताच म्हणाला, "वहिनी, हे कुठून घेतलं?"

"घ्यायचं कशाला? माझ्या मुलाचं आहे ते."

"तसं नसावं."

मी म्हटलं, "काका, नसावं म्हणजे?"

"इकडे ये, बघ. झाकणावर हा नंबर, आत मशीनवर हा. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. काटे अंधारात हिरवट दिसतील आणि आकडे पिवळट, म्हणजे काटे तिसरीकडचे. फौजेत कसं असतं, एका शिपायाला एक घड्याळ, एक नंबर. हे तीन घड्याळांचं एक केलेलं आहे." त्यानं ते टेबलावर ठेवलं, जरा लांबच. "आम्ही जमवणारे याला मढं म्हणतो."

आई त्याच्याकडे बघत होती. याची गाडी चालूच.

"खरं घड्याळ सापडलं नसेल. पिशवी रिकामी जाऊ नये म्हणून कुणा कारकुनानं हाताला आलं ते टाकलं असेल. होतं असं. तुमची फसवणूक झाली, वहिनी, पण निदान आता कळलं तरी."

नाकानं कांदे सोलणारी माणसं मी खूप पाहिलीत. पण हा त्या क्षणी खूश होता. आपण हिचं भलं केलं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे हे त्याचं नाही," आई म्हणाली.

"त्याचं असतं तर सगळं जुळलं असतं."

घड्याळ त्यानं चालू करून दिलं. एका चाकात मळ होता, बस. आईनं ते रुमालात गुंडाळलं. जिन्यात अर्ध्यावर ती थांबली, कठड्याला धरून.

"पेटी उघडू दिली नव्हती," ती म्हणाली.

"आई, वर चल."

"घड्याळ दुसऱ्याचं टाकलं. मग पेटीत कुणाला टाकलं?"

मी तिचा दंड धरला. तिनं सोडवला नाही, पण वर गेली ती दुसरीच बाई.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर माझं मशीन जमिनीवर होतं. खाटेवर धुतलेली चादर. दादाचे शर्ट दोरीवर, चार वर्षांची घडी मोडलेले. "वास येत होता," आई म्हणाली. "आला तर काय घालेल?" पाळणाघर तिनं सोडलं, कारण दिवसा घरी कुणी नको का. मग घरी बसणंही सोडून ती फौजी इस्पितळाच्या फेऱ्या मारायला लागली. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही असे कुणी आहेत का, विचारायची. फोटो दाखवायची. तिथल्या नर्सेस आधी गोड बोलल्या, नंतर तिला बघितलं की दुसऱ्या दारानं जायला लागल्या. एकदा एका जळलेल्या माणसाच्या खाटेशी ती दुपारभर बसून आली. त्याचा चेहरा पट्ट्यांत होता. पट्ट्या निघाल्या तेव्हा तो भलताच कुणी निघाला. त्याच्या बायकोनं हिला हाकललं.

त्या दिवशी आई घरी आली आणि म्हणाली, "उंची मात्र तीच होती."

मी तिच्यावर ओरडले. दादा मेलाय, म्हटलं, माती झाली त्याची. शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली. आई शांतपणे मला म्हणाली, "तुला घाई झालीय. तुला मशीन ठेवायला जागा हवीय."

तिथून मी तडक खाली गेले. काका चिमट्यानं एक काटा उचलत होता.

"समाधान झालं का तुमचं?" मी म्हटलं. "माझी आई परक्या माणसांच्या पट्ट्या सुटायची वाट बघत बसते. काय घोडं मारलं होतं तिनं तुमचं?"

"मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"गप्प बसता आलं असतं."

"बाळ, जे नाही त्याला आहे म्हणणं मला नाही जमत. आयुष्यात कधी जमलं नाही."

"म्हणूनच बायको पळाली."

हे मी बोलले. त्याचा हात थांबला, पण काटा त्यानं पाडला नाही.

नंतर कित्येक महिने आम्ही एकमेकांना टाळलं. आणि मग एका दुपारी तो मी कामाला जाते त्या कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा. आमची जेवायची सुटी होती. आत इस्त्रीच्या वाफेनं सगळ्यांचे चेहरे उकडलेले, बाहेर आम्ही बायका भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसलेल्या. कॉलर जोडून जोडून माझी बोटं वळलेली. शेजारी बसलेलीनं कोपर मारलं, "तुझं स्थळ आलंय बघ." बायका खिदळल्या. मी उठले, कारण तो रडत होता.

"फौजेच्या गोदामातली खोकी विकायला निघाली होती," तो म्हणाला. "मी एक घेतलं. सील त्यांचंच होतं, पोरी, मी स्वतः फोडलं. आतली सगळी घड्याळं… सगळी मढी. झाकण एकाचं, मशीन दुसऱ्याचं. एकही जुळत नाही."

"मग?"

"मग चौकशी केली. त्यांच्या वर्कशॉपात तशीच रीत होती. दुरुस्तीला आलेली घड्याळं एकदम खोलायची, सगळे भाग एकाच टोपल्यात धुवायचे, आणि हाताला येईल ते जोडून पुढं पाठवायचं. फौजेला वेळ कळण्याशी मतलब. कुणाचं झाकण कुणाला लागलं, कोण बघतो. जे घड्याळ खरोखर लढाईत वापरलं गेलं ते मिसळलेलंच असणार." त्यानं नाक पुसलं. "आणि माझ्याकडची, सगळी जुळणारी, ती कुणीतरी बाजारात बसून माझ्यासारख्यांसाठी जुळवलेली. खरी होती ती मी मढं म्हणून परत केली. माझ्या कपाटात आता खरं काय उरलं गं?"

कानाखाली द्यावी असं वाटलं. हा माझ्या फाटकाशी येऊन रडत होता तो कपाटासाठी.

"आईला सांगा," मी म्हटलं. "आज. माझ्यासमोर. म्हणा, मी चुकलो, हे तुमच्या मुलाचंच घड्याळ."

"चुकलो ते सांगतो," तो म्हणाला.

बाकीच्याबद्दल तो काही बोलला नाही, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

संध्याकाळी तो वर आला. आई टेबलावर शेंगा सोलत होती. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, टोपल्यापर्यंत. आईची बोटं चालूच होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे हे त्याचं आहे?"

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. एक शब्द हवा होता. हो. एवढं बोलला असता तर ती रात्रभर रडली असती, आठवडाभर रडली असती, आणि मग कधीतरी पुन्हा पोरांची नाकं पुसायला गेली असती.

"असू शकेल," तो म्हणाला.

"असू शकेल म्हणजे काय, भाऊ?"

"जुळत नाही म्हणून त्याचं नाही, असं म्हणता येत नाही, वहिनी. पण त्याचंच आहे असंही… ते कुणालाच सांगता येणार नाही."

"आई, दादाचंच आहे," मी म्हटलं. "पेटीत दादाच होता."

"तुला काय कळतं घड्याळातलं?" आई म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. रुमालातून घड्याळ काढून तिनं त्याच्यापुढं ठेवलं. "उघडा."

त्यानं उघडलं.

"यातलं त्याचं काय असेल?"

"एखादं चाक. झाकण असेल कदाचित."

"आणि त्याचं बाकीचं?"

"ते लागलं असेल दुसऱ्या कुणाच्या घड्याळाला."

"ते कुठाय?"

काकानं झाकण बोटांत फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कुठंही असेल. जुनी झाली की विकून टाकतात. जमवणाऱ्यांकडे येतात."

"तुमच्याकडे पुष्कळ आहेत ना?" आई पुढं झुकली. "शेवटच्या सुटीत आला होता तेव्हा मी नीट बघितलं होतं. तबकडीवर चारच्या आकड्याशी डाग होता. तांबूस, मोहरीएवढा. यात नाही तो."

मी पण त्या सुटीत घरीच होते. दादाच्या घड्याळावर डाग होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. आईनं तो त्या क्षणी घडवला की काय, तेही नाही. मी काकाकडे बघितलं. त्याचा चेहरा, दुपारी फाटकाशी चोळामोळा झालेला, सरळ होत होता. कपाटभर मढ्यांना कुणीतरी काम दिलं होतं.

"चारच्या वर की खाली?" त्यानं विचारलं.

"खाली. जरासा आत."

तो खाली गेला आणि पहिला खण घेऊन आला, मखमलीसकट.

ते खण कधीच संपले. आता तो त्या गावच्या, ह्या गावच्या जमवणाऱ्यांकडून घड्याळं मागवतो. पूर्वी ज्यांना हात लावत नव्हता तीच मागवतो, जितकी जास्त मिसळलेली तितकी बरी. आईला भिंग लावता येतं. इस्पितळात ती जात नाही, फोटो बाहेर काढत नाही, दादाचं नावही फारसं घेत नाही. डाग शोधते. मी कामावरून येते तेव्हा दोघं टेबलावर वाकलेली असतात, दिवा मध्ये ओढलेला, उघडी घड्याळं सगळीकडे. ताट ठेवायला जागा नसते.

"आई, जेवायचं?"

"हे एक बघू दे."

"वहिनी, हे बघा, इथं काहीतरी वाटतंय."

"गंज आहे तो, भाऊ."

"हो का? हो, गंजच."

तिचं बरोबर असतं. तो पुढचं उघडतो. मी ओट्याशी उभ्याउभ्या जेवून घेते.