रिकाम्या रस्त्यावरची शर्यत

भिंगरीच्या घरात शर्यतींची वेळ मोजतात. हजारो लोक धावतात, प्रत्येकाच्या बुटाला एक चिप बांधलेली असते, रस्त्यात अंथरलेल्या चटईवर पाय पडला की टिक् करून त्याची वेळ नोंदली जाते आणि पुढच्या क्षणी ती साइटवर दिसते. घरी बसलेली माणसं त्या पानाला डोळे लावून असतात. आमचा कुठवर आला? पुढे कोण आहे? चालायला तर नाही ना लागला? चटया वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, हिशेब आणि फोन आत्याचा, साइट भिंगरीची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव तिशी उलटली तरी तिला चिकटून होतं.

गेल्या वर्षी ऐन शेवटच्या टप्प्यात साइटनं मान टाकली. ती भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर होती, म्हणजे एकाच मशीनवर शंभर जणांची बिऱ्हाडं. धावणाऱ्यांचे नातेवाईक एकदम आले आणि मशीन बसलं. मग ते सगळे आत्याच्या फोनवर आले. शेवटी आत्यानं फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर स्वतः बसली.

यंदा स्पर्धेच्या चिटणीसबाई स्वतः ऑफिसात आल्या. चहा त्यांनी नको म्हटला, तेव्हाच अप्पा सावध झाले.

"तुमच्या मोजणीबद्दल तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण लोकांना दिसलीच नाही तर मोजून काय करायची? रविवारी पान बंद पडलं, तर पुढची शर्यत दुसरं कोणीतरी मोजेल."

ही शर्यत चार मित्रांच्या पैजेएवढी होती तेव्हापासून अप्पा मोजत होते. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच शर्टाच्या आत ढकललं.

बाई गेल्या आणि भिंगरीनं खुर्चीसकट गिरकी घेतली. "आता तरी घ्यायचा ना डेडिकेटेड सर्व्हर? अख्खं मशीन आपलं एकट्याचं! कितीही माणसं येऊ देत!"

"कितीही पैसे जाऊ देत, असंही म्हण की," आत्या म्हणाली.

तीन कंपन्यांनी आठवडाभर वापरून बघायला मशीन दिलं. आत्यानं त्यांना लगेच नावं ठेवली. सर्वांत स्वस्त तो चुणचुणीत. त्याच्या तिप्पट भाडं सांगणारा जाडोबा. तिसरा मधला, कारण त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही सापडेना. साइट साधी, फोटो एकच, आणि त्यातही वायरीच जास्त.

या घराचा एक नियम आहे. कुठलीही गोष्ट दोन घड्याळांनी मोजायची, दोघांनी, एकमेकांकडे न बघता. दोन्ही आकडे जुळले की वाद संपला. त्याप्रमाणे भिंगरी आतल्या खोलीत बसली, आत्या बाहेर. पान उघडायला कोणाला किती वेळ लागतो, तिन्ही मशीनवर, पुन्हा पुन्हा. घराच्या अंगवळणी पडलेलं काम ते, त्यामुळे दोघींच्या उत्साहाला ऊत आला होता.

"सांग तुझा पहिला!" भिंगरी आतून ओरडली.

"आधी तू!"

"चुणचुणीत!"

"माझाही चुणचुणीतच! आणि जाडोबा शेवटचा. काय गं, तिप्पट पैसे घेऊन हा धापा टाकतो?" आत्याचा चेहरा असा फुलला होता, जणू ती स्वतः शर्यत जिंकून आली होती. "वर्षाचे एकदम भरले तर आणखी सूट आहे. भर, भर, त्यांचं मन बदलायच्या आत."

आकडे सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळले होते. भिंगरीनं कार्ड काढलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून अप्पांनी हाक मारली. "दोघी या जरा. चटई तपासायचीय."

हेही दर शर्यतीआधीचं. अप्पा आधी एकटे चटईवरून चालत. टिक्. मग घरात असेल नसेल त्या प्रत्येकाला बोलवत, दोन्ही हातांत चिपांचे झुबके देत आणि सगळ्यांना एकदम पलीकडे पळायला लावत. भिंगरी कार्ड दातात धरून पळाली, आत्या पदर खोचून. चटई टिक्टिक्टिक् करत तडतडली.

"सगळ्या आल्या," यंत्राकडे बघत अप्पा म्हणाले. "झालं काम."

भिंगरी मात्र पलीकडच्या टोकाला उभीच राहिली. तिनं दातातलं कार्ड काढलं.

"अप्पा, तुमच्या एकट्याच्या चालण्यानं का नाही भागत?"

"एकट्याला कुठलीही चटई पकडते गं. गर्दीत पकडते का ते बघायचं."

"आत्या!" भिंगरीनं कपाळावर हात मारला. "आपण दोघींनी काय मोजलं? रिकाम्या रस्त्यावर एकटा किती जोरात पळतो ते!"

"दोन्ही घड्याळं जुळली होती," आत्या म्हणाली, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"जुळणारच! दोघींनी एकच चूक मोजली!"

आता भिंगरीला आवरणं कठीण होतं. गेल्या वर्षी कोण कधी साइटवर आलं याची नोंद तिच्याकडे होती. त्या नोंदीवरून तिनं एक प्रोग्राम लिहायला घेतला. तीच सगळी गर्दी, त्याच क्रमानं, खोटे नातेवाईक म्हणून मशीनवर सोडायची. मात्र न विचारता दुसऱ्याच्या मशीनवर असा लोंढा सोडला तर कोणीही हल्ला समजून दार लावून घेईल. तेव्हा तिघांना आधी विचारणं भाग होतं. फोन आत्याकडे आला.

जाडोबाच्या फोनवर बराच वेळ संगीत वाजलं. शेवटी एका गोड आवाजानं सांगितलं की अर्ज करा, मंजुरीला दहा दिवस लागतील. रविवार तर तीन दिवसांवर होता. चुणचुणीताकडे माणूसच नव्हता. चौकशी लिहून पाठवली तर लगेच उत्तर आलं: आपल्या समाधानातच आमचा आनंद आहे.

"हे हो आहे की नाही?" आत्यानं विचारलं.

मधल्याला फोन लावला आणि पलीकडून घोंघाट ऐकू आला.

"बोला, मॅडम!"

"मॅडम नको म्हणूस. आजचे सगळे मॅडम म्हणणारे पळालेत. आणि एवढा आवाज कसला रे? गिरणीत आहेस का?"

"मशीनजवळच उभा आहे, काकू, पंखे आहेत हे! थांबा, बाहेर येतो." दार लागलं. "हं. किती माणसं सोडणार? कधी? कुठून? सांगा, म्हणजे मी लक्ष ठेवतो. काही तुटलं तर आजच तुटू दे."

आत्यानं फोनवर हात ठेवला आणि भिंगरीकडे बघून कुजबुजली, "हा उभा आहे गं. बाकीचे बसलेले होते."

चुणचुणीताच्या नियमावलीत वापरायला घेतलेल्या मशीनवर चाचणीला मनाई नाही, हे भिंगरीनं दोनदा वाचून घेतलं. मग दुपारी खोटी शर्यत सुटली. तिघंही एका पडद्यापुढे, त्यावर दर सेकंदाला किती जणांना पान उघडलं ते दाखवणारी रेघ. अप्पांनी खरोखर "सोडा!" म्हणून हात खाली केला.

चुणचुणीत सुसाट निघाला. निम्मी गर्दी येईपर्यंत आत्या टाळ्या वाजवत होती. मग त्याची रेघ थरथरली, आणि सपाट झाली. पान उघडेना. मशीन दणकट होतं, त्याला काही झालं नव्हतं. पण त्याच्या दारातून बाहेर पडणारा रस्ता, म्हणजे इंटरनेटची जोडणी, गल्लीएवढा, स्वस्ताई तिथेच मुरलेली. भिंगरीनं तक्रार पाठवली. उत्तर आलं: आपल्या समाधानातच...

"मेल्याला काही सांगू नकोस आता," आत्या म्हणाली.

मग मधला. पहिल्यापासून जरा सावकाश. निम्मी गर्दी आली, तेवढाच सावकाश. पूर्ण आली, केसभर आणखी सावकाश. "दुप्पट सोड!" अप्पा ओरडले. अप्पा कधी ओरडत नसत. भिंगरीनं दुप्पट सोडली. रेघ किंचित वाकली आणि तशीच पुढे चालत राहिली. घामेजलेला पण दम न लागलेला गडी जसा असतो, तशी.

"हाच!" तिघं एकदम म्हणाले. दोन नाही, तीन घड्याळं जुळली.

आत्यानं घासाघीस केलीच. भाडं काही कमी झालं नाही. पण वर्षाचे एकदम भरायची अट नव्हती, दर महिन्याला द्यायचे, आणि एक डिस्क गेली तर चालू राहावं म्हणून जोडीला दुसरी डिस्क भाड्यातच होती. चुणचुणीताकडे त्या डिस्कचे पैसे वेगळे होते. आत्यानं बेरीज केली, तेव्हा दोघांतला फरक तिला वाटला होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस ना, भर, भर!"

रविवारी सकाळी अंतिम रेषेजवळच्या तंबूत भिंगरी उभ्या उभ्या नाचत होती. शेवटच्या टप्प्यावरची चटई तडतडू लागली. पडद्यावरचा नातेवाईकांचा आकडा गेल्या वर्षीची कमाल ओलांडून वर गेला. मग आणखी वर. रेघ चालत होती.

चिटणीसबाई गर्दीतून वाट काढत आल्या. हातात मोबाइल. भिंगरीचं नाचणं थांबलं.

"माझे यजमान आत्ता पुलावर आहेत," बाई मोबाइलवरची नजर न काढता म्हणाल्या. "बघा, बघा, शेजाऱ्याला मागे टाकलं! चहा आहे का हो?"

अप्पांनी आपला कप पुढे केला.

आत्या मात्र अस्वस्थ होती. तिनं फोन उचलून कानाला लावला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. "बंद पडला की काय? एकही शिवी नाही!"

तेवढ्यात तो वाजला. तिघं दचकले. आत्यानं घेतला आणि पलीकडून घोंघाट ऐकू आला.

"काय झालं रे? काय बिघडलं?"

"काही नाही, काकू! लक्ष ठेवायला म्हणून तुमचं पान उघडून बसलोय. तो एकशे चाळीस नंबरवाला कोण आहे? मागून येतोय बघा! जिंकेल का तो?"

आत्यानं रस्त्याकडे पाहिलं. वळणावर दोन डोकी दिसत होती, आणि मागचं डोकं जवळ येत होतं.

"फोन ठेव," ती म्हणाली. "मला बघू दे."